रेक्झिनचे अस्तर

कळसच्या जयवंतरावांच्या मळ्यावर मला ठेवले होते ते पंप, मोटारी आणि पाइपलाइन सांभाळण्यासाठी. साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत उमेदीची वर्षे काढून मी निवृत्त झालो होतो. तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला आमच्या वस्तीतला मी पहिलाच, आणि त्या शिक्षणाने लावलेली शिस्त निवृत्तीनंतरही हातातून सुटली नव्हती. तबेल्याशी माझा काही संबंध नव्हता. पण तिथे नळ टाकायचे निघाले, ते मी टाकले, आणि काम पाहून जयवंतराव म्हणाले, "रामभाऊ, आता हितलं बी तुमीच बघा. तुमाला एकदा सांगितलं की परत सांगाय लागत न्हाय." जयवंतरावांना सारा तालुका आबा म्हणत असे. आबांनी सांगितले की ते काम आपले होते.

तबेल्यात तीन घोड्या होत्या आणि त्यांच्या तोलाचा नर आबा शोधत होते. तो त्यांना बारामतीत एका वरातीत दिसला. घोडा कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात आणि त्याची शिंगरे अकलूजच्या बाजारात दावणीला फार वेळ बांधून राहत नाहीत. घोड्याचे नाव शिराज. लगाम धरणारा पोरगेला मालक फारुक. आबांनी वरात संपण्याची वाट न पाहता त्याला शब्द दिला: घोडा कळसला आण. घोड्या गाभण राहिल्या की तबेला तुझ्या ताब्यात, मळ्यातल्या दोन खोल्या तुझ्या, आणि वराती बंद.

यातल्या शेवटच्या दोन शब्दांसाठी फारुकची आई कमरजहाँ बारामतीचे बिऱ्हाड मोडून कळसला आली आणि तूर्त त्या दोन खोल्यांतच राहू लागली. तिचा नवरा दस्तगीर वरातीतच गेला होता. पुढे फटाक्यांची माळ फुटली, घोडा बुजून गर्रकन मागे फिरला आणि लगाम न सोडणारा दस्तगीर घोडा आणि जनरेटरची गाडी यांच्यामध्ये चेंगरला. महिना सरला नाही तोच मिसरूड न फुटलेल्या फारुकने लगाम हातात घेतला. तेव्हापासून मुलगा वरातीला गेला की तो परत येईपर्यंत ही बाई उंबऱ्यावरून उठत नसे. मळ्यावर तिला सगळे कमरचाची म्हणू लागले. आल्या दिवशी तिने मला एवढेच विचारले, "रामभाऊ, आबा शब्दाचं पक्कं हायेत ना?" मी म्हणालो, "आजवर तरी आहेत."

परंतु घोड्या गाभण राहीपर्यंत वराती चालूच राहणार होत्या. आधी घेतलेल्या सुपाऱ्या फारुकला पुऱ्या करायच्या होत्या. तो अधूनमधून शिराजला घेऊन इंदापूर, बावडा, बारामती असा जाऊन येई. मधल्या दिवसांत घोडी माजावर आली की तिला शिराज दाखवला जाई. घोडा जोमात होता, त्यात कुणालाही खोट दिसली नसती. आणि तरीही तीनही घोड्या उलटल्या. उलटल्या म्हणजे गर्भ न धरता पुन्हा माजावर आल्या. पुन्हा दाखवल्या, पुन्हा उलटल्या. आबांनी त्यांतली एक रागाने विकून टाकली.

"घोडीतच खोट हाय," ते म्हणाले.

"आबा, एकाच लाइनवरच्या तीन मोटारी बंद पडल्या तर मी मोटारी विकत नाही," मी म्हणालो. "लाइन तपासतो."

"म्हंजी घोडा लाइन हाय व्हय?" आबा हसले, पण डॉक्टरांना बोलावण्याची परवानगी त्यांनी दिली.

बारामतीहून आलेल्या डॉक्टर रश्मी सोनवणे वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या होत्या. तबेल्याच्या भिंतीवर गडी ओळीने येऊन बसले. त्यांचा म्होरक्या रामहरी, तबेल्यातला जुना माणूस. तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाईमानूस घोडा तपासनार. कलयुग म्हनत्यात ते हेच."

"घोड्याची काही हरकत दिसत नाही," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाल्या. "तुमची असेल तर भिंतीपलीकडे बसा."

भिंतीवरचे हसू रामहरीवर उलटले. डॉक्टरांनी घोडा नीट तपासला, अंडकोश दाबून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग माजावरची घोडी समोर उभी करून, कोमट पाणी भरलेल्या चामडी नळीत शिराजचे वीर्य धरले. काचपट्टी गार पडू नये म्हणून त्यांनी ती तळहातावर धरून ठेवली होती. सूक्ष्मदर्शकातून त्यांनी पाहिले आणि मग मलाही पाहायला सांगितले. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी साखरेचे कण असे पाहिले होते. इथे वळवळ दिसेल अशी माझी अपेक्षा होती. दिसली ती पाण्यावर तरंगणाऱ्या केरासारखी स्थिरता. एखाददुसरा जीव जागच्या जागी गोल फिरत होता. कित्येकांच्या शेपट्या वळलेल्या होत्या.

"अंडकोश मऊ पडले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "जोम वेगळा आणि बीज वेगळं. याला कशाची तरी झळ बसली आहे. फारुक, गेल्या वर्षात ताप आला होता?"

"न्हाय डॉक्टर."

"लाथ, मार, सूज? बाजारात भरदार दिसावा म्हणून इंजेक्शनं?"

"काय पन न्हाय. चंदी, मेथी, खरारा... पोरापरास जास्त जपतो आमी."

"आणखी काही? वेगळं असं काहीही?"

फारुकने रामहरीकडे पाहिले, मग जमिनीकडे. "न्हाय," तो म्हणाला.

मला ते पाहणे खटकले होते. पण यंत्राच्या बाबतीत जो प्रश्न मी दुसऱ्यांदा विचारला असता तो माणसाच्या बाबतीत विचारला नाही, कारण समोर बाई होती आणि मुलाचे कान लाल झाले होते.

तपासणी आटोपल्यावर कमरचाचीने डॉक्टरांना चहाला थांबवून घेतले. एकट्या बाईने गड्यांच्या त्या गराड्यात काम केले याचे तिला कौतुक वाटले असावे. डॉक्टरांच्या आग्रहाने मीही तिच्या खोलीपुढच्या ओट्यावर बसलो. चहा झाल्यावर चाचीने पत्र्याची ट्रंक ओढली आणि वरातीचा साज दाखवायला काढला. तो सगळा तिच्या हातचा होता: जरीची झूल, काचमण्यांचा गळपट्टा, मोरपिसाची कलगी. डॉक्टर एकेक वस्तू हातात घेऊन मनापासून पाहत होत्या. शेवटी चाची माझ्याकडे पाहून जरा घुटमळली.

"रामभाऊ, तुमी तिकडं बगा थोडं."

मी रस्त्याकडे पाहू लागलो. ट्रंकेच्या तळाशी असलेली वस्तू बाहेर आल्याचा आवाज झाला आणि नंतर चाचीचे बोलणे ऐकू आले.

"लाजायचं काय, तुमी डॉक्टर हाय. ह्यो त्याचा लंगोट. वरातीत लेकीसुना असत्यात. रस्त्यात एकांदी घोडी दिसली का नर गप राहतोय व्हय? आमचं मालक असताना साध्या मांजरपाटाचा बांधायचे. मीच ह्यो मखमलीचा केला. लोक म्हनत्यात, दस्तगीरच्या घरचा घोडा कसा अदबीनं चालतो."

मला राहवले नाही. मी वळून पाहिले. निळ्या मखमलीवर जरीच्या वेलबुट्टीचे काम केलेला तो लंगोट डॉक्टरांनी उलटा केला होता. आत जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, थर आणि त्यावर काळे रेक्झिन, मोटारच्या गादीला लावतात ते.

"हे आतून कशाला?"

"घामानं मखमल खराब व्हती. रेक्झिनातनं एक थेंब भाईर येत न्हाय," चाची अभिमानाने म्हणाली. "आनि घट्ट बसतो. पाच वर्सं झाली, हाय तस्सा हाय."

"किती वेळ बांधता?"

"दुपारी चढवायचा. वरात उतरंस्तवर."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

"लगीनसराई उन्हाळ्यातच की, बाई."

डॉक्टरांनी लंगोट हळूच ट्रंकेवर ठेवला. त्या बोलल्या ते अतिशय मृदूपणे, आणि त्यामुळेच ते ऐकणे मला कठीण गेले. निसर्गाने तो अवयव शरीराबाहेर लोंबता ठेवला आहे तो गार राहावा म्हणून. शरीराच्या उष्णतेपेक्षा चार-पाच अंश कमी असेल तरच तिथे बीज तयार होते. वारा लागला पाहिजे. मला अधिक समजावण्याची गरज नव्हती. यंत्राचा जो भाग थंड राहावा म्हणून उघडा ठेवलेला असतो, तोच कुणी घट्ट गुंडाळून चालवला तर काय होते हे मी आयुष्यभर पाहिले होते.

"म्हंजी म्या केलं?" चाचीने विचारले.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"म्या केलं," ती पुन्हा म्हणाली. या वेळी तो प्रश्न नव्हता. दारात उभ्या असलेल्या फारुककडे तिने पाहिले. "तुला इचारलं तवा का न्हाय सांगितलंस रं?"

"अम्मा, डॉक्टरीणबाईम्होरं लंगोटाचं कसं बोलनार?"

त्याचे म्हणणे त्या ओट्यावर कुणालाच गैर वाटले नाही. तीच खरी अडचण होती.

नुकसान कायमचे नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की दोन-अडीच महिने लंगोट नाही, वरात नाही, सावलीत उभा ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ पोटाखालून गार पाणी. बीज नव्याने तयार व्हायला तेवढा काळ लागतो. हे फेब्रुवारीच्या शेवटी घडले. फारुकने उरलेल्या सुपाऱ्या परत केल्या. मी तबेल्याच्या पत्र्यावर उसाचे पाचट अंथरून घेतले आणि एक पाइप बारीक छिद्रे पाडून वरून फिरवला. आबांना सगळे सांगितले तेव्हा ते आधी पोट धरून हसले आणि मग म्हणाले, "बरं. मे पतुर बघू."

मेच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा आल्या. भिंतीवर या वेळी कुणी बसले नव्हते. सूक्ष्मदर्शकात मी पाहिले तेव्हा क्षणभर मला काहीच ओळखता आले नाही, इतके सगळे धावत होते. पाट सुटल्यावर कोरड्या सरीत पाणी शिरते तसे. डॉक्टरांनी चाचीलाही बोलावून पाहायला लावले. तिने एक डोळा मिटून पाहिले आणि मग पदराने दोन्ही डोळे पुसले. त्याच दिवशी तांबडी नावाची घोडी माजावर होती. तिला शिराज दाखवला, एक दिवस सोडून पुन्हा दाखवला. तिला गर्भ राहिला की नाही हे दीड-दोन महिन्यांनी हात घालून कळणार होते.

तेवढे दोन महिने मिळाले नाहीत. महिनाअखेरीस आबांच्या मुलाचे, रणधीरचे, लग्न होते, मुलगी बावड्याची. आबांनी मला बोलावून सांगितले की नवरदेव शिराजवरच बसेल.

"आबा, डॉक्टरांनी वरात नको म्हटलंय."

"एका दिसानं काय व्हतंय? घरात पंचकल्याणी असताना पोरगं काय भाड्याच्या घोड्यावर बशीव? आनि ते झाकायचं बांधा. बावडेकरांची सोयरीक हाय, तितं आब ऱ्हायला पायजे."

"तेच बांधल्यामुळे घोडा नासला होता."

"रामभाऊ," आबा शांतपणे म्हणाले, "तुमी मोटारी बघा."

मोटारींच्या बाबतीत माझा शब्द त्या घरात कधी खाली पडला नव्हता. लग्नाच्या बाबतीत तो कुणी मागितलाही नव्हता. हे अंतर मला लहानपणापासून पाठ होते. मी परत आलो आणि चाचीला निरोप दिला.

तिने रात्रंदिवस विचार केला असावा. डॉक्टरांना दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता आणि आबांना नाही म्हणायची सोय नव्हती. तिने झूल उसवली आणि दोन्ही बाजूंनी हातभर वाढवली, इतकी की ती घोड्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबू लागली. खाली काय बांधले आहे, की काहीच नाही, ते कुणाला दिसले नसते. नाकपुड्यांत लावायला तिने व्हिक्सची डबी आणली. तो वास चढला की घोड्याला घोडीचा वास येत नाही, ही दस्तगीरची जुनी युक्ती.

"वारा लागंल, आनि अब्रू बी ऱ्हाईल," ती म्हणाली. लंगोट ट्रंकेतच राहिला.

वरात बावड्याच्या वेशीपर्यंत नीट गेली. फारुक लगाम धरून पुढे, रणधीर फेटा सावरत वर, मागे बँड. उन्हे कलली होती. वेशीवर सीमांतपूजनाला मुलीकडची मंडळी उभी होती आणि त्यांच्या पुढे, मानाने, नवरीचा मामा स्वतःच्या पांढऱ्या घोडीवर बसून आला होता. घोडी माजावर होती. शेवटचे कोसभर वाजतगाजत चालताना घामाबरोबर व्हिक्स केव्हाच ओघळून गेले होते.

शिराज आधी थांबला. त्याने मान उंच केली, वरचा ओठ मुडपला आणि असा खिंकाळला की बँड बंद पडला. मग तो मागच्या पायांवर उभा राहिला. झूल एका बाजूला घसरली आणि झाकण्यासारखे जे होते ते दोन गावांनी पाहिले. बायांनी पदर तोंडाला लावले. फारुकने एका हाताने रणधीरला कमरेला धरून खाली ओढले आणि दुसऱ्या हाताला गुंडाळलेला लगाम सोडला नाही. घोड्याने त्याला ओढत नेले ते थेट घोडीच्या पुढ्यात. त्याचे मनगट मोडल्याचा आवाज मला जवळून ऐकू आला. नवरदेव सुखरूप होता. आणि त्या शांततेत गर्दीतून कुणीतरी ओरडले,

"अरं, नवरदेवापरास घोड्यालाच घाई!"

दोन्ही गावे हसली. मुलीकडचे हसले, मुलाकडचे हसले, अक्षता धरलेले ब्राह्मण हसले. आबा तेवढे हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात इंदापूरच्या बाजारात त्यांना कुणीतरी विचारले, "आबा, सोयरीक एकच जमली का दोन?" त्याच दिवशी दुपारी ते तबेल्यात आले.

"खच्ची करा त्याला," ते म्हणाले.

मी डॉक्टरांना बोलावून घेतले. त्यांनी आबांना समजावण्याचा प्रयत्न केला. "महिनाभर थांबा. तांबडी गाभण आहे की नाही ते तरी कळू दे. घोडा पूर्ण बरा झाला आहे. अशी वेळ परत येत नाही."

"गाभनबिभन मरू द्या. पाच म्हैने तीन घोड्यांपुढं नाचिवला, काय झालं? आता एक दिस गप ऱ्हायचा तर तिकडं तमाशा केला, आनि तुमी ते झाकायचं बी बांधलं न्हाय." आबा चाचीकडे वळले. घोडा त्या मायलेकांचा होता, हे ते विसरले नव्हते. "चाची, माझी जबरदस्ती न्हाय. खच्ची करायचा न्हाय तर घेऊन जा. करायचा आसंल तर ऱ्हावा. दोन खोल्या तुमच्याच. फारुकचा हात बी म्या बसवून देतो."

ते गेल्यावर चाची गव्हाणीच्या कट्ट्यावर बसली. शिराज तिच्या खांद्याला नाक घासत होता. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून फारुक खांबाला टेकून उभा होता.

"अम्मा, परत बारामतीला जाऊ."

"जाऊ की. जागा दिली दुसऱ्याला. एका हातानं लगाम धरशील?" ती माझ्याकडे वळली. "रामभाऊ, तुमी शिकल्यालं. तुमी सांगा."

"थांबावं," मी म्हणालो. "एकच महिना."

"थांबायला जागा लागती, रामभाऊ."

वस्तीवरच्या माझ्या घरामागे आठ फुटांची गल्ली होती आणि तिथे घोडा मावला नसता, हे मी मनातल्या मनात मोजूनही पाहिले.

रामहरीच्या ओळखीचा एक बैल खच्ची करणारा चिमटेवाला कळसमध्येच होता आणि आबा त्यालाच बोलावणार होते. ते कळल्यावर डॉक्टर रश्मी स्वतः आल्या. "बैलाचा चिमटा घोड्याला लावल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे," त्या मला म्हणाल्या. "करायचंच असेल तर मी करीन." त्यांनी भूल दिली, अत्यंत स्वच्छ काम केले, टाके न घालता जखम उघडी ठेवली आणि रोज गार पाणी मारायला सांगितले. तबेल्यावरचा तो छिद्रांचा पाइप मी त्या कामासाठी खाली वळवून दिला.

जखम भरली. शिराज चारा खाई, पाणी पिई, खरारा करताना मान खाली घालून उभा राही. फारुकच्या हाताचे प्लास्टर निघाले आणि दुसऱ्याच आठवड्यात आबांच्या भावकीतली वरात आली. "आता काय भ्या न्हाय," आबा म्हणाले. फारुकने साज चढवला, लगाम धरला आणि फटाक्यांच्या मागून चालू लागला. नंतर दुसरी वरात आली. घोड्याच्या शांतपणाची तारीफ झाली. कमरचाची आता कळसच्या उंबऱ्यावर बसू लागली, बारामतीला बसत होती तशीच.

जुलैत डॉक्टरांनी तांबडीच्या पोटात हात घालून पाहिले. आबाही आले होते. डॉक्टरांचा चेहरा पाहूनच मला कळले. तशा चेहऱ्याने कुणी आनंदाची बातमी सांगताना मी पाहिले नव्हते.

"गाभण आहे," त्या म्हणाल्या.

"शिराजचं?"

"दुसरा नर इथे होता का?"

आबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी घोडा खरा व्हता की हो!" ते भराभर येरझारा घालू लागले. मग एकाएकी थांबून, जरा आवाज उतरवून त्यांनी विचारले, "डॉक्टर, आता काय... परत करता येतंय का काय?"

डॉक्टर खांद्यापर्यंतचा हात साबणाने धूत होत्या. धूतच राहिल्या.

बातमी मात्र पसरली. घोडा खच्ची केल्याचे मळ्याबाहेर अजून कुणाला कळले नव्हते. पंचकल्याणीचे शिंगरू येणार म्हटल्यावर लोक घोड्या घेऊन येणार, हे उघड होते. आबांनी गड्यांना बजावले: कुणी आले तर घोडा आजारी आहे म्हणून सांगायचे, दुसरे काही बोलायचे नाही.

पहिला आला तो बावड्याचा मामा, रणधीरच्या बायकोचा. पांढरी घोडी घेऊन सकाळीच निघाला होता. फाटकात उतरता उतरता तो मोठ्याने म्हणाला, "माझ्या घोडीनं तर तवाच पसंत केल्ता! त्या दिशी तुमीच मधी पडला."

"मामा, घोडा आजारी हाय," फारुक म्हणाला.

"आजारी? त्यो काय समूर उबा हाय की."

शिराज आठ-दहा पावलांवर, सावलीत, कडबा खात होता. घोडी त्याच्याकडे पाहून खिंकाळली. त्याने कान हलवले, मान वर केली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा कडब्यात तोंड घातले.

मामा त्याच्याकडे पाहत राहिला. "बरा कवा व्हईल?"

फारुकने माझ्याकडे पाहिले. मी बोलायला तोंड उघडले, पण तेवढ्यात कमरचाची पाण्याची बादली घेऊन बाहेर आली आणि तिने ती घोडीपुढे ठेवली.

"बरा न्हाय व्हायचा, मामा," ती म्हणाली. "त्याला काय पन झाल्यालं नव्हतं. आब जाती म्हनून आबांनी कापायला सांगितला आनि आमी कापू दिला. घोडीला पानी पाजा, लांबनं आलाय."

घराच्या ओट्यावरून आबांची हाक आली, "कोन हाय रं फाटकात?" मामाने एकदा ओट्याकडे पाहिले, एकदा घोड्याकडे, आणि मिशीतल्या मिशीत हसला. संध्याकाळपर्यंत हे बावड्यात, आणि बाजाराच्या दिवशी इंदापुरात पोचणार होते. चाचीलाही ते ठाऊक होते. रिकामी झालेली बादली तिने उचलली आणि आबा पायऱ्या उतरून येत असलेले दिसत असतानाच खोलीत जाऊन ती पत्र्याची ट्रंक दाराकडे ओढू लागली.